अमेरिकेच्या आरोग्यखर्चाचे मूळ दरांत आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या आरोग्यखर्चाविषयी वर्तमानपत्रांत अधूनमधून लेख आणि वाचकांची पत्रे प्रसिद्ध होतात. त्यांत या खर्चाची कारणे म्हणून बहुधा तीच चार-पाच पुढे केली जातात : तिथले लोक लठ्ठ आहेत, ऊठसूट डॉक्टरकडे जातात, वृद्धांची संख्या वाढली आहे आणि जरा काही चुकले की रुग्ण वकील गाठतो. यांतले कोणतेही कारण पूर्णपणे खोटे नाही, पण मुख्य कारण यांच्यापैकी एकही नाही, आणि ते ज्या ठामपणे मांडले जाते त्याने मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होते. मी बावीस वर्षे अमेरिकी रुग्णालयांच्या बिलांचे काम केले. रुग्ण घरी गेल्यावर त्याच्या आजाराचे आणि उपचारांचे सांकेतिक क्रमांकांत रूपांतर करायचे, विमा कंपनीकडे क्लेम पाठवायचा आणि क्लेम नाकारला गेला की तो मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करायचा, हे माझे काम होते. त्या अनुभवाच्या आणि सार्वजनिक आकडेवारीच्या आधारे मला जे निश्चित वाटते ते या पत्रात सविस्तर मांडत आहे. पत्र लांबले तर क्षमा असावी.

आधी खर्चाचा आकार पाहू. २०२३ साली अमेरिकेने आरोग्यावर सुमारे ४.९ लाख कोटी डॉलर खर्च केले. हे प्रमाण देशाच्या सकल उत्पादनाच्या १७.६ टक्के आणि माणशी १४,५७० डॉलर इतके होते. १९६० साली हाच वाटा ५ टक्के होता. जर्मनी आणि स्वित्झर्लंड हे युरोपातले सढळ हाताने खर्च करणारे देशही १२ टक्क्यांच्या आसपास थांबतात. एवढे पैसे ओतून अमेरिकेचे सरासरी आयुर्मान २०२३ साली ७८.४ वर्षे होते, तर तिच्या बरोबरीच्या बहुतेक श्रीमंत देशांत माणूस ऐंशी ओलांडून पुढे जगतो. हा सगळा खासगी विमा कंपन्यांचा कारभार आहे, अशीही एक समजूत आहे. वस्तुतः या रकमेपैकी जवळपास निम्मा भार संघराज्य, राज्ये आणि स्थानिक संस्था यांच्या तिजोऱ्यांवर पडतो. म्हणजे अमेरिकी करदाता सार्वजनिक आरोग्यसेवेसाठी इतर देशांतल्या करदात्याइतके पैसे आधीच मोजतो, आणि त्यानंतर पुन्हा विम्याचा हप्ता भरतो.

आता प्रचलित कारणांकडे वळते. वृद्धत्वाचा मुद्दा जपानच्या एका उदाहरणाने बाजूला ठेवता येतो. तिथे पासष्टीच्या पुढची लोकसंख्या २९ टक्क्यांच्या आसपास आहे, अमेरिकेत ती १७-१८ टक्के आहे, आणि तरीही जपानचा खर्च सकल उत्पादनाच्या ११ टक्क्यांच्या आसपास राहतो. ऊठसूट डॉक्टरकडे जाण्याचे म्हणाल तर अमेरिकी माणूस वर्षाकाठी सरासरी चारेक वेळा डॉक्टरकडे जातो आणि जपानी माणूस बाराहून अधिक वेळा. रुग्णालयातला सरासरी मुक्कामही अमेरिकेत इतरांपेक्षा कमी दिवसांचा असतो. वैद्यकीय हलगर्जीच्या खटल्यांचा आणि त्यांच्या भीतीपोटी होणाऱ्या जादा तपासण्यांचा एकत्रित हिशेब २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका गंभीर अभ्यासात केला गेला, तेव्हा तो एकूण खर्चाच्या २.४ टक्के भरला. लठ्ठपणा आणि त्यातून येणारा मधुमेह यांचे ओझे खरे आहे, ते मी नाकारत नाही. एमआरआय, सीटी स्कॅन आणि गुडघ्याच्या सांधेरोपणाच्या शस्त्रक्रिया अमेरिकेत इतरांपेक्षा जास्त होतात, हेही खरे आहे. पण या साऱ्यांची बेरीज करूनही दुपटीच्या जवळ जाणारी ही तफावत भरून निघत नाही.

भरून निघते ती दरांमुळे. २००३ साली आरोग्यखर्चाचे अभ्यासक जेरार्ड अँडरसन, उवे राइनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रीमंत देशांची तुलना केली आणि निष्कर्ष काढला की अमेरिकी लोक सेवा जास्त घेत नाहीत, त्याच सेवेची किंमत जास्त मोजतात. राइनहार्ट २०१७ साली निवर्तले. त्यानंतर २०१९ मध्ये त्यांच्या सहलेखकांनी नव्या आकड्यांवर तीच तुलना पुन्हा केली आणि उत्तर बदलले नाही. दरम्यान २०१८ साली अकरा देशांची आणखी एक तुलना प्रसिद्ध झाली. तिच्यातही डॉक्टरांची भेट, खाटा आणि मुक्काम यांत फारसा फरक आढळला नाही. फरक आढळला तो औषधांच्या किमतींत, डॉक्टरांच्या मोबदल्यात आणि कारभारावरच्या खर्चात.

हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी दिसायला हवे होते, पण तेव्हा मी आकडे भरण्यातच गुंग होते. प्रत्येक रुग्णालयाची एक छापील दरसूची असते, तिला त्या व्यवसायात चार्जमास्टर म्हणतात. तीत हजारो वस्तूंचे आणि सेवांचे दर असतात आणि ते जवळपास कोणीच देत नाही. मेडिकेअर ही पासष्टीच्या पुढच्यांसाठीची सरकारी योजना आपला दर स्वतः ठरवते. मेडिकेड ही गरिबांसाठीची योजना त्याहून कमी देते. खासगी विमा कंपन्या रुग्णालयाशी वेगवेगळा करार करून वेगवेगळा दर देतात, आणि एकाच कंपनीच्या दोन योजनांचे दरही सारखे नसतात. एकाच रुग्णालयात, एकाच आठवड्यात, एकाच यंत्रावर झालेल्या एकाच तपासणीचे पैसे चार ठिकाणांहून चार प्रकारे जमा झालेले मी पाहिले आहेत, आणि त्यांतला सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान आकड्याच्या कित्येक पट होता. विमा नसलेल्या माणसाच्या हातात मात्र चार्जमास्टरचा पूर्ण दर पडत असे. ज्याच्याकडे घासाघीस करण्याची ताकद सर्वांत कमी, त्याच्यापुढे सर्वांत मोठा आकडा ठेवला जातो, ही गोष्ट मला अजूनही पचलेली नाही. रँड या संशोधनसंस्थेने २०२२ सालचे जे दर तपासले त्यांत खासगी विमा कंपन्यांनी रुग्णालयांना दिलेली रक्कम त्याच सेवांसाठी मेडिकेअरने दिली असती त्या रकमेच्या सरासरी २५४ टक्के निघाली. अडीचपट. खोली, परिचारिका आणि सुई तीच.

असे का होते, याचे उत्तर थोडे इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, अमेरिकी सरकारने वेतनवाढीवर निर्बंध घातले. कामगार टिकवण्यासाठी मालकांना पगार वाढवता येईना, तेव्हा त्यांनी आरोग्यविम्याची सोय देऊ केली. १९५४ च्या करकायद्याने मालकाने भरलेल्या विमाहप्त्यावरची करमाफी पक्की केली. तेव्हापासून विमा नोकरीला चिकटला तो आजतागायत. १९६५ च्या जुलैत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेडच्या कायद्यावर सही केली, पण डॉक्टरांचा आणि रुग्णालयांचा विरोध शमवण्यासाठी रुग्णालयाला जो रास्त खर्च येईल तो भरून देण्याची पद्धत स्वीकारली गेली. खर्च जितका वाढेल तितकी भरपाई मिळणार, हे एकदा ठरल्यावर खर्च आवरण्याचे कारणच उरले नाही. ती चूक ओळखायला अठरा वर्षे लागली. १९८३ मध्ये मेडिकेअरने आजाराच्या गटानुसार ठरावीक रक्कम देण्याची पद्धत आणली आणि तिचा उपयोगही झाला, पण ती मेडिकेअरपुरतीच होती. खासगी बाजारात दर ठरवणारे कोणतेही सामायिक व्यासपीठ उभे राहिले नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेचा खर्च इतर श्रीमंत देशांच्या फार पुढे नव्हता, दरी रुंदावत गेली ती त्यानंतर. त्याच काळात इतर देशांनी, विमा सरकारी असो वा अनेक संस्थांत विभागलेला असो, दराची वाटाघाट एकाच टेबलावर आणली. जपानमध्ये दर दोन वर्षांनी साऱ्या देशासाठी एकच दरपत्रक निघते. तिथे माणशी एमआरआय यंत्रे जगात सर्वाधिक आहेत, तरीही त्या तपासणीचा खर्च लोकांना जड जात नाही, कारण तिचा दर त्या दरपत्रकाने बांधलेला आहे.

ज्या कामात माझी बावीस वर्षे गेली त्या कामाविषयी आता सांगते, कारण बाहेरच्या माणसाला त्याची व्याप्ती समजत नाही.

रुग्णाला तपासून डॉक्टरांनी टिपण लिहिले की कोडर, म्हणजे सांकेतिक क्रमांक देणारा कर्मचारी, ते वाचतो. आजारासाठी जो क्रमांक द्यायचा, तसे क्रमांक २०१५ च्या ऑक्टोबरपासून लागू झालेल्या वर्गीकरणात सुमारे सत्तर हजार आहेत. डॉक्टरने जे केले त्याचे क्रमांक वेगळे आणि त्यांना जोडायची पुरवणी चिन्हे वेगळी. मग क्लेम जातो. रुग्णालयाचा नमुना एक, डॉक्टरचा दुसरा, म्हणजे एकाच शस्त्रक्रियेचे निदान दोन क्लेम, आणि भूलतज्ज्ञ स्वतंत्र व्यवसाय करणारा असेल तर तिसरा. कंपनीकडे तो पोहोचला की संगणक तो तपासतो आणि कधी मंजूर करतो, कधी कमी पैसे देतो, कधी नाकारतो. नाकारण्याची कारणे मला आजही तोंडपाठ आहेत : पूर्वपरवानगी घेतली नव्हती, परवानगी होती पण तिचा क्रमांक चुकीच्या रकान्यात होता, उपचार वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक वाटत नाही, रुग्णाचा दुसरा विमा आहे का ते आधी कळवा, मुदत टळली. मग माझ्यासारखी व्यक्ती फोन उचलते, पलीकडे कंपनीची माझ्यासारखीच व्यक्ती असते, आणि आम्ही दोघी अर्धा-पाऊण तास एका माणसाच्या पित्ताशयाविषयी बोलत राहतो, ज्याला आम्ही कधी पाहिलेले नाही आणि जो केव्हाच बरा होऊन कामावर गेलेला असतो. अपील करायचे, कागद जोडायचे, तीस दिवस वाट पाहायची, पुन्हा फोन करायचा. एका साध्या क्लेमच्या नोंदवहीत मी चौदा संभाषणांची टिपणे पाहिली आहेत. शेवटी त्याचे पैसे मिळाले. त्या चौदा संभाषणांसाठी दोन्ही बाजूंनी जे पगार गेले ते कुठून आले असतील, याचा विचार करावा.

प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असल्यामुळे एका मध्यम रुग्णालयालाही या कामासाठी मोठा विभाग ठेवावा लागतो. कंपनी त्या विभागाला ओलांडता येणार नाहीत इतके नियम करते, मग रुग्णालय आणखी माणसे घेते, त्यावर कंपनी नवी तपासणी बसवते. यात कोणी एक खलनायक नाही आणि मी तसा शोधायलाही निघालेले नाही. दोन्हीकडची माणसे आपापले काम चोख करत असतात, आणि दोन्हीकडे चोख झालेल्या कामाची बेरीज म्हणजे वाया गेलेले पैसे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या वूलहँडलर आणि हिमेलस्टीन यांच्या अभ्यासाने १९९९ चा हिशेब मांडला होता. विमा कंपन्या, मालक, रुग्णालये आणि दवाखाने या सगळ्यांचे कारकुनी काम धरले तर अमेरिकेत ते आरोग्यखर्चाच्या ३१ टक्के होते आणि शेजारच्या कॅनडात १६.७ टक्के. २०१८ च्या ज्या तुलनेचा मी वर उल्लेख केला, तिने फक्त योजना चालवण्याचा आणि नियमनाचा खर्च मोजला, तेव्हाही अमेरिकेत तो ८ टक्के आणि इतरत्र १ ते ३ टक्के निघाला. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर चित्र याहून कठोर आहे. ‘ओबामाकेअर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २०१० च्या कायद्याखाली उभारलेल्या केंद्रीय विमाबाजारातल्या कंपन्यांनी २०२३ साली आपल्याच करारबद्ध डॉक्टरांचे १९ टक्के क्लेम नाकारले आणि त्यांविरुद्ध अपील करणाऱ्या ग्राहकांचे प्रमाण एक टक्काही नव्हते. रुग्णालयाकडे माझ्यासारखी माणसे पगारावर असतात. घरी बसलेल्या रुग्णाकडे कोणी नसते.

काही वर्षे मला रुग्णांचे फोन घेण्याच्या विभागात बसवले होते. एक वृद्ध बाई हातात तीन कागद घेऊन बोलत होत्या : रुग्णालयाचे बिल, विमा कंपनीने पाठवलेला तपशील आणि डॉक्टरचे वेगळे बिल. तिन्हींवर वेगवेगळ्या रकमा होत्या आणि त्यांना त्यांतली खरी कोणती, एवढेच विचारायचे होते. मला त्या क्षणी जे उत्तर देता आले ते असे, की तिन्ही रकमा नियमानुसार बरोबर आहेत. त्या रागावल्या नाहीत. आभार मानून त्यांनी फोन ठेवला. माझ्या उत्तरात चूक नव्हती, पण ते दिल्याची लाज मला वाटते.

दर वाढण्यामागे रुग्णालयांच्या विलीनीकरणाचाही हात आहे. गेल्या तीस वर्षांत अमेरिकेत रुग्णालये एकमेकांत मिसळत गेली, खासगी दवाखाने त्यांनी विकत घेतले, आणि अनेक गावांत व शहरांत विमा कंपनीपुढे एकच मोठा गट उरला. त्या गटाशी करार केल्याशिवाय तिथे योजना विकता येत नाही, मग दर कोण ठरवणार हे उघड आहे. अर्थशास्त्रज्ञ झॅक कूपर आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासानुसार ज्या भागात एकच रुग्णालय आहे तिथले दर चार किंवा अधिक प्रतिस्पर्धी असलेल्या भागापेक्षा सुमारे १२ टक्के जास्त असतात. कालपर्यंत स्वतंत्र असलेला दवाखाना रुग्णालयाने घेतला की त्याच खोलीत, त्याच डॉक्टरने केलेल्या तपासणीवर जागेचे वेगळे शुल्क लागू होते. माझ्या संगणकावर ते एका दिवसात उगवलेले मी पाहिले आहे. दारावरची पाटी बदलली होती, बाकी काही नाही. राष्ट्रीय खर्चाचा सर्वांत मोठा, ३१ टक्क्यांचा, वाटा रुग्णालयांचा असल्याने हे दर इतर कोणत्याही दरापेक्षा महत्त्वाचे ठरतात.

डॉक्टरांविषयी थोडक्यात. अमेरिकेतले डॉक्टर इतर श्रीमंत देशांतल्या डॉक्टरांपेक्षा बरेच अधिक कमावतात. २०१८ च्या त्या अकरा देशांच्या अभ्यासात तिथल्या सामान्य वैद्यकाचे वार्षिक उत्पन्न सरासरी २ लाख १८ हजार डॉलर होते. पण ते शिक्षणासाठी लाख-दोन लाख डॉलरचे कर्ज घेऊन बाहेर पडतात, हेही लक्षात घ्यायला हवे. १९९७ च्या कायद्याने मेडिकेअरच्या पैशांवर चालणाऱ्या निवासी प्रशिक्षणाच्या जागांवर मर्यादा आणली. डॉक्टरांची संख्या त्यामुळेही आखडली, आणि जे मोजके असते ते महाग होते.

औषधांचा मुद्दा अधिक सविस्तर मांडायला हवा. दुकानातून घेतल्या जाणाऱ्या औषधांचा एकूण खर्चातला वाटा ९ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे सगळा दोष औषध कंपन्यांवर टाकणे बरोबर नाही. पण दर कसे ठरतात हे औषधांत जितके स्वच्छ दिसते तितके इतरत्र दिसत नाही. इन्शुलिनचा शोध १९२१ साली टोरंटोत लागला आणि १९२३ मध्ये संशोधकांनी त्याचे पेटंट प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाला दिले, कारण या औषधावर कोणी मक्तेदारी करू नये अशी त्यांची इच्छा होती. जवळपास शंभर वर्षांनी, २०१८ साली, उत्पादकांनी लावलेल्या किमतींची तुलना रँडने केली. इन्शुलिनच्या एका प्रमाणित मात्रेचा सरासरी दर अमेरिकेत ९८.७० डॉलर होता आणि इतर बत्तीस देशांत मिळून ८.८१ डॉलर. अमेरिकी आकड्यातून पुढे गुप्त सवलती वजा होतात, हे मान्य केले तरी अंतर मोठेच राहते. शिवाय त्या सवलती विमा कंपनी आणि तिच्या वतीने औषध कंपन्यांशी सौदा करणारे मध्यस्थ यांच्यात वाटल्या जातात. पूर्ण दर मोजणारा विमाहीन मधुमेही त्यांच्या यादीत नसतो. या मध्यस्थांपैकी तीन कंपन्यांच्या हातात देशातल्या सुमारे ८० टक्के औषधचिठ्ठ्यांचा व्यवहार आहे.

संधिवातावरच्या ह्युमिरा या औषधाचे उदाहरणही बोलके आहे. त्याचे मूळ पेटंट अमेरिकेत २०१६ साली संपले, पण कंपनीने त्याभोवती शंभराहून अधिक पेटंटांचे कुंपण घातले होते. युरोपात त्याची स्वस्त पर्यायी औषधे २०१८ च्या ऑक्टोबरात आली आणि अमेरिकेत २०२३ च्या जानेवारीत. चार वर्षांहून अधिक काळ एकाच औषधाचे दोन भाव होते आणि त्यांच्यामध्ये फक्त कायदा उभा होता. २००३ मध्ये मेडिकेअरला औषधखर्चाचे विमासंरक्षण जोडणारा कायदा झाला, तेव्हा सरकारने औषधांच्या किमतींच्या वाटाघाटीत पडू नये असे कलम त्यात घातले गेले. देशातला सर्वांत मोठा ग्राहक कायद्याने मुका केला गेला. १९ वर्षांनी, २०२२ च्या कायद्याने, त्याला मर्यादित बोलण्याची मुभा मिळाली. पहिल्या दहा औषधांचे ठरवलेले दर २०२६ पासून लागू करण्याचे ठरले. त्यांपैकी मधुमेहावरच्या जानुविया या औषधाच्या महिनाभराच्या गोळ्यांची छापील किंमत ५२७ डॉलर होती, ती ११३ डॉलर ठरली. गोळीत काही बदल झालेला नाही. एका मोठ्या ग्राहकाने भाव विचारला, इतकेच.

रुग्णाने स्वतः चौकशी करून स्वस्त सेवा निवडावी, म्हणजे बाजार आपोआप ताळ्यावर येईल, असे एक उत्तर दिले जाते. यासाठी विम्यातला डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधी रुग्णाने स्वतः भरायची रक्कम, वर्षानुवर्षे वाढवत नेली गेली. २०२१ पासून रुग्णालयांना दर जाहीर करण्याची सक्तीही झाली. सक्तीचे मी स्वागत करते, कारण तिच्यामुळे निदान संशोधकांना माहिती मिळाली. पण अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच दाखवून दिले होते की वैद्यकीय सेवा ही भाजीपाल्यासारखी वस्तू नाही : काय विकत घ्यायचे हे विकणाराच सांगतो, आणि गरज केव्हा पडेल हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. १९७० च्या दशकात रँडने हजारो कुटुंबांवर जो प्रयोग केला, त्यात स्वतः पैसे भरावे लागणाऱ्यांनी खर्च कमी केला हे खरे, पण त्यांनी अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही जवळपास तितक्याच प्रमाणात टाळले. आणखी एक गोष्ट येथे विसरली जाते. आरोग्यावरचा जवळपास निम्मा खर्च कोणत्याही वर्षी केवळ ५ टक्के लोकांवर होतो. ते कर्करोगाचे, मूत्रपिंड निकामी झालेले, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे खर्च आहेत. त्यांचा डिडक्टिबल जानेवारीतच संपतो. रुग्णवाहिकेत पडलेल्या माणसाने दरपत्रके चाळावीत, ही अपेक्षा करणाऱ्यांनी ती रुग्णवाहिका एकदा आतून पाहावी.

हा भार शेवटी कोणाच्या खांद्यावर पडतो, तेही सांगायला हवे. २०२४ साली नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता. त्यातले ६,२९६ डॉलर कामगाराच्या पगारातून कापले जात आणि बाकीचे मालक भरत असे. मालक भरतो म्हणजे ते फुकट आहेत असे कामगाराला वाटते, पण अर्थशास्त्रज्ञांत याबाबत फारसा मतभेद नाही की ती रक्कमही त्याच्या न झालेल्या पगारवाढीतूनच जाते. रुग्णालयाने विमा कंपनीला लावलेला अडीचपट दर अशा रीतीने एका गोदामातल्या कामगाराच्या पगारात येऊन थांबतो, आणि त्याला ते कधीच दिसत नाही. दर इतकी वर्षे टिकून राहण्याचे हेही एक कारण आहे. दुसरे कारण अधिक अवघड आहे. आरोग्यावर खर्च झालेला प्रत्येक डॉलर कोणाचे तरी उत्पन्न असतो : डॉक्टरचे, परिचारिकेचे, औषध कंपनीच्या भागधारकाचे, आणि बावीस वर्षे माझेही. खर्च एक लाख कोटींनी कमी करू म्हणणाऱ्याने कोणाचे उत्पन्न एक लाख कोटींनी कमी होणार ते सांगायला हवे. ते कोणी सांगत नाही, म्हणून सुधारणा कडेकडेने होत राहतात. २०१० च्या कायद्याने विमा कंपन्यांना हप्त्याच्या ८० ते ८५ टक्के रक्कम उपचारांवर खर्च करण्याची सक्ती केली. हेतू चांगला होता, पण उरलेल्या टक्क्यांतून मिळणारी रक्कम हप्ता वाढेल तशी वाढते, त्यामुळे दर खाली आणण्याची घाई कंपन्यांनाही राहत नाही.

मार्ग नाहीत असे मुळीच नाही, आणि ते परदेशातून आणण्याचीही गरज नाही. मेरीलँड या राज्यात १९७० च्या दशकापासून एक आयोग रुग्णालयांचे दर ठरवतो आणि मेडिकेअर असो वा खासगी कंपनी, सर्वांनी तेच दर द्यायचे असतात. २०१४ पासून तिथल्या रुग्णालयांना वर्षाचे एकूण उत्पन्नच ठरवून दिले जाऊ लागले, म्हणजे खाटा भरत राहण्याची ओढ कमी झाली. ती व्यवस्था निर्दोष नाही, पण त्या राज्यातली रुग्णालयव्यवस्था कोसळली नाही आणि अडीचपटीचा तो प्रकार तिथे दिसत नाही. सर्व कंपन्यांसाठी क्लेमचे आणि पूर्वपरवानगीचे एकच नियम करायला तर कोणाची विचारसरणीही आड येऊ नये. माझ्यासारख्या हजारोंच्या नोकऱ्या त्यात जातील. त्याची तरतूद करून ते करावे, असे मी माझ्या त्या सहकाऱ्यांना स्मरून लिहीत आहे.

आपणांस एक विनंती आहे. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यखर्चाचा नवा आकडा जाहीर होतो आणि आपल्याकडे त्याची बातमी येते. ती देताना एकूण रकमेशेजारी एखाद्या प्रसूतीचा, एका एमआरआयचा आणि इन्शुलिनच्या एका कुपीचा अमेरिकेतला व इतर दोन-तीन देशांतला दर छापावा. जागा चार ओळींची लागेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त वाचक